चौथ्या दिवशीचा डोळा

पहिली दोन वर्षं आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं की मी कॉलेजात जाऊन अंडी उघडते.

मी खोटं बोलले नव्हते. डोळ्यावर संशोधन करते, असं सांगितलं होतं आणि ते खरंच होतं. पण सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीने त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. समोरच्या काकू चष्म्याचा कागद घेऊन यायच्या, नंबर वाढलाय का ते बघ म्हणायच्या. एक आजोबा तर मोतीबिंदू पिकलाय की नाही, हे माझ्याकडून ठरवून घ्यायला दोनदा पायऱ्या चढून आले. मी त्यांना दवाखान्यात जा म्हणून सांगायचे. माझी आई, अव्वा, मात्र प्रत्येकाला कौतुकाने चहा द्यायची आणि मी कोंबडीच्या गर्भाचा डोळा बघते, माणसाचा नाही, हे सांगायचं राहूनच जायचं.

राहून जायचं म्हणजे मी राहू द्यायचे. आमचं घर लिंगायत. बिस्किटाचा पुडा आणला तरी अप्पा आधी उलटा करून हिरवा ठिपका बघणार. अंडं हा शब्दसुद्धा ते उच्चारत नसत. गल्लीच्या तोंडाशी आम्लेटची गाडी लागायची, तिला ते 'ती गाडी' म्हणायचे. विड्याच्या पानांचा त्यांचा घाऊक धंदा. पहाटे पानाच्या करंड्या उतरायच्या, दुपारपर्यंत माल निघून जायचा आणि संध्याकाळी ते देवळात जायचे. घरात ते माझ्याशी कानडीत बोलायचे, मी अर्धं कानडीत, अर्धं मराठीत उत्तर द्यायचे. काय शिकतेस हे त्यांनी कधी खोदून विचारलं नाही. मुलगी शिकतेय, एवढं त्यांना पुरेसं होतं.

डोळा मेंदूतून उगवतो, हे मला एम.एस्सी.च्या वर्गात पहिल्यांदा कळलं. तोवर मला वाटायचं, चेहऱ्यावर दोन खाचा पडत असतील आणि त्यात डोळे बसत असतील. तसं होत नाही. गर्भाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंनी दोन फुगे बाहेर येतात. फुगा त्वचेला जाऊन टेकला की टेकल्या जागी त्वचा जाड होते आणि तिचं भिंग बनतं. मग रबरी चेंडूत अंगठा दाबावा तसा तो फुगा आत दबतो आणि त्याची दुहेरी भिंतीची वाटी होते. आतल्या भिंतीचा पडदा होतो, ज्याच्यावर आपल्याला जग दिसतं. बाहेरच्या भिंतीचा काळा थर होतो, तो त्या पडद्याला सांभाळतो. गंमत अशी, की दोन्ही भिंतींच्या पेशी सुरुवातीला सारख्याच असतात. कुणी पडदा व्हायचं आणि कुणी काळं व्हायचं, हे आजूबाजूच्या पेशींकडून येणाऱ्या प्रथिनांवर ठरतं. ही प्रथिनं म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. त्यातल्या एकाचं नाव एफजीएफ. ते म्हणतं, पडदा हो. दुसरं बीएमपी. ते म्हणतं, काळी हो.

माझ्या मार्गदर्शक सरांनी दिलेला प्रयोग असा होता. अंडं चार दिवस उबवायचं. कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची. सूक्ष्मदर्शकाखाली अगदी बारीक चिमट्याने गर्भाच्या डोळ्यातली आतली भिंत, म्हणजे होणारा पडदा, काढून टाकायचा. एवढंच करून सोडलं तर तो डोळा रिकामाच राहतो, नुसती काळी वाटी. पण एफजीएफमध्ये भिजवलेला सुईच्या टोकाएवढा मणी त्या वाटीत ठेवला, तर बाहेरचा काळा थर आपला काळेपणा सोडतो आणि तीन दिवसांत नवा पडदा तयार करतो. हे जगात इतरांनी आधीच दाखवलेलं होतं. मला पुढचं शोधायचं होतं: दोन्ही निरोप एकदम दिले तर पेशी कुणाचं ऐकते?

यात एक अट होती आणि सरांनी ती पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून खाली रेघ मारली होती. काळा थर हा निरोप फक्त चौथ्या दिवसापर्यंत ऐकतो. पाचव्या दिवशी तोच मणी, तेवढंच प्रथिन ठेवलं तरी काही होत नाही. तोवर त्या पेशींचं ठरून गेलेलं असतं.

पहिला जिवंत गर्भ मी बघितला तो सरांच्या हातचा. तिसऱ्या दिवसाचं अंडं होतं. पिवळ्या बलकावर लाल रेषांचं जाळं, मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा वाकलेला जीव आणि त्याच्या छातीत ठिपक्याएवढं काहीतरी उडतंय. सर म्हणाले, ते हृदय. मी किती वेळ बघत होते कोण जाणे, सरांनी खिडकी झाकून अंडं परत उबेत ठेवलं तेव्हा माझी मान अवघडली होती. घरी जाऊन मी जेवले, भांडी आवरली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

दुकानातली अंडी या कामाला चालत नाहीत, त्यात गर्भ नसतो. फळलेली अंडी लागतात. मोहोळजवळ एका शेतकरी कुटुंबाचं पिल्लं काढायचं केंद्र होतं. दर बुधवारी सकाळच्या एसटीने मी तिकडे जायचे, फाटकावर अंड्यांचे ट्रे घ्यायचे आणि त्याच फाट्यावरून परतीची गाडी पकडायचे. फाटकावर पन्नाशीच्या एक मावशी असायच्या. केंद्र त्यांचंच. नवरा शेतीचं बघायचा आणि कोंबड्या, अंडी, मशिनं हे सगळं त्यांच्या हातात होतं. आमचं बोलणं एवढंच, "आली का म्याडम," आणि "येते मावशी." गाडी चुकू नये म्हणून मी कधी आत गेलेच नाही.

पहिला हिवाळा हात बसण्यात गेला. खिडकी पाडताना कवचाचा चुरा आत पडायचा, गर्भावरची पातळ त्वचा फाटायची, रक्तवाहिनीला चिमटा लागला की संपलं. पण दुसऱ्या हिवाळ्यात जमलं. मणी ठेवून तीन दिवसांनी डोळा उघडला आणि काळ्या वाटीच्या तळाशी मला पांढरट, दुधाळ असा पट्टा दिसला. काळा थर तिथून गायब झाला होता आणि त्या जागी नवा पडदा आला होता. मी सरांना हाक मारली. त्यांनी बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, आता असेच आणखी काढा. त्या थंडीत जवळजवळ दर खेपेला तो पांढरा पट्टा येत गेला. मी तेव्हा फार खुशीत होते. मला वाटलं, आता हे काम माझ्या हातात आलं.

मार्चमध्ये ते बिघडायला लागलं.

आधी दहातली दोन-तीन अंडी फसली. मणी जागेवर, गर्भ जिवंत, पण डोळा रिकामाच. एप्रिलमध्ये जवळजवळ सगळीच फसू लागली. काही गर्भ तर मी खिडकी पाडायच्या आधीच मेलेले असायचे. सरांनी सगळं तपासायला लावलं. प्रथिन खराब झालं असेल म्हणून नवं मागवलं. मणी बदलले. इन्क्युबेटरचं तापमान तीन वेगवेगळ्या थर्मामीटरनी मोजलं, ते बरोबर होतं. पाण्याचा ट्रे भरलेला होता. मग उरले फक्त माझे हात. सर ते तोंडावर बोलले नाहीत, पण एक दिवस माझ्या बाजूला खुर्ची टाकून बसले आणि मी चिमटा कसा धरते ते अर्धा तास बघत राहिले. उठताना म्हणाले की हिवाळ्यातले निकाल आपण सध्या लिहायला नकोत, पुन्हा येत नाहीत तोवर त्यांना निकाल म्हणता येणार नाही.

ते बरोबरच बोलत होते. त्यामुळेच मला जास्त लागलं. जूनमध्ये पीएच.डी.च्या समितीसमोर काम मांडायचं होतं आणि माझ्यापाशी एक हिवाळा होता आणि त्याला खोटं पाडणारा एक उन्हाळा. पण एक गोष्ट मला मनातून पक्की वाटत होती, की माझे हात बिघडलेले नाहीत. हात एका ऋतूत येतात आणि दुसऱ्या ऋतूत जातात, असं होत नाही. ऋतू बदलला होता, म्हणजे जे काही बिघडलं ते उन्हाने बिघडलं असणार. इन्क्युबेटरच्या आत ऊन नव्हतं. मग ऊन लागतं कुठे?

पुढच्या बुधवारी मी पहिल्या गाडीने मोहोळला गेले आणि फाटकावर मावशींना म्हटलं, आज मला घाई नाही, आत येऊन सगळं बघू का? त्यांना नवल वाटलं, पण त्यांनी हसून फाटक उघडलं.

मावशींनी मला सगळं फिरवून दाखवलं. कोंबड्यांचं शेड, अंडी गोळा करायच्या टोपल्या, मोठी उबवायची मशिनं. मशिनात घालायच्या आधी अंडी ज्या खोलीत ठेवतात तिथे आत पाऊल टाकताच अंगावर गार वारा आला. जाड भिंती, खिडक्यांना ओलं तरट आणि दोन कूलर. मी विचारलं, माझी अंडी यातलीच असतात ना?

त्या म्हणाल्या, "न्हाय, तुमची येगळी. तुमाला थांबाया लागू ने म्हणून मी सोमवारीच निवडून ठिवते की. चांगली, एकसारकी."

"कुठे ठेवता?"

"हितं, फाटकाजवळ."

त्यांनी मला फाटकाजवळच्या खोलीत नेलं. वर पत्रा. टेबलावर माझा ट्रे, स्वच्छ फडक्याने झाकलेला. सकाळचे दहा वाजले नव्हते आणि त्या खोलीत उभं राहवत नव्हतं. मी ट्रेवर हात ठेवला. अंडी कोमट लागत होती.

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांच्याही काहीतरी ध्यानात आलं असावं. त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात अंडं असं भाईर ऱ्हायलं की मशिनाबिगर जागं हुतंय, म्याडम. आमाला ठावं हाय. आमी आमची अशी कदी ठिवत न्हाय. तुमी कापूनच बगणार, मग काय फरक पडतोय, असं वाटलं मला."

मी त्यांना म्हटलं, मावशी, सगळा फरक तिथेच पडतोय.

मग त्या खोलीत उभ्या उभ्याच मी त्यांना माझं काम सांगितलं. चौथा दिवस, काळा थर, मणी, सगळं. माझ्या घरी जे सांगितलं नव्हतं ते मी आधी मोहोळच्या फाटकावर सांगितलं. मावशींनी मधेच अडवून दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही नेमके होते. पहिला, मी दिवस कधीपासून मोजते? मी म्हटलं, आमच्या मशिनात अंडं ठेवते तेव्हापासून. दुसरा, अंडं आधीच जागं झालेलं असलं तर? त्याचं उत्तर मला तो प्रश्न ऐकतानाच मिळालं. मी चौथा दिवस म्हणून जे उघडत होते तो त्या गर्भाचा चौथा दिवस नव्हताच. फाटकाजवळच्या पत्र्याखाली त्याने आधीच पुढचा रस्ता धरला होता. मी पोहोचेपर्यंत त्या पेशींचं ठरून गेलेलं असायचं.

चूक मावशींची नव्हती. मला ताटकळावं लागू नये म्हणून त्यांनी ते केलं होतं. चूक माझी होती. गर्भाचं वय घड्याळावरून नाही तर त्याच्या अंगावरून ओळखायचं असतं, पंखाचा कोंब केवढा, पायाचा केवढा, डोळ्यात काळं किती भरलंय. त्याचा तक्ता माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलेला होता. मी सुरुवातीला तो बघत असे. हिवाळ्यात तास आणि तक्ता नेहमी जुळायचे, म्हणून हळूहळू मी फक्त तास मोजू लागले.

त्या दिवशी प्रयोगशाळेत आल्या आल्या मी ट्रेमधलं एक अंडं न उबवताच उघडलं. हिवाळ्यात अशा अंड्यात बलकावर नुसती पांढरी टिकली असायची. इथे टिकली पसरलेली होती आणि तिच्या मधोमध गर्भाची रेघ उमटलेली होती. मग मी एप्रिलमधल्या सगळ्या अंड्यांचे, मणी ठेवताना घेतलेले फोटो पुढ्यात घेऊन बसले. प्रत्येकाचं वय तासावरून नाही, तक्त्यावरून लावलं. संध्याकाळी ते कागद मी सरांसमोर ठेवले. जी फसली होती ती सगळी पाचव्या दिवसात गेलेली होती. जी एखाद-दुसरी जमली होती ती मागे राहिलेली, चौथ्यातच असलेली होती.

सरांनी कागद शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाले, "माझ्याही डोळ्यासमोर तो तक्ता रोज होता." एवढंच. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की आता उन्हाळ्यातच हे पुन्हा करून दाखवता येईल का. हिवाळ्यापर्यंत थांबलं तर जूनची मांडणी हातची जाते.

मावशी अंडी कूलरच्या खोलीतून द्यायला तयार होत्या. प्रश्न तिथून पुढचा. फाट्यावर गाडीची वाट बघायची, तापलेल्या एसटीत बसायचं, स्टँडवरून कॉलेज. बर्फाची पेटी वापरून बघितली, तर कडेची अंडी गारठली आणि मधली तशीच राहिली. फार गार झालं तरी गर्भ मरतो. मला अशी पेटी हवी होती जी त्रेचाळीस अंशाच्या उन्हात सगळीकडून सारखी, बेताची गार राहील. आणि अशी वस्तू सोलापुरात रोज कोण हाताळतं, हे मला शोधायला कुठे जावं लागणार नव्हतं.

मी अप्पांना विचारलं, उन्हाळ्यात तुमचं पान दोन दिवस प्रवास करून येतं ते कोमेजत कसं नाही? ते खुलले. ओलं तरट कसं गुंडाळायचं, पाणी किती मारायचं, करंडीला वारा कुठून लागू द्यायचा, हे त्यांनी मला हौसेने सांगितलं. मग विचारलं, तुला कशाला हवंय?

मी सांगितलं. अंडी आणायला.

अव्वा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. मी दोन वर्षांचं सगळं सांगून टाकलं. अप्पा उठले, चपला घातल्या आणि दुकानात गेले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. अव्वा मात्र रात्रीच्या जेवणाला माझ्या पानात तूप वाढता वाढता म्हणाली, आधी सांगायचं होतंस, मी चहा पाजला सगळ्या गल्लीला. मला हसू आलं, तिलाही आलं. पण अप्पांच्या बाबतीत मला भीती होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी, दुकान आवरायच्या वेळी, अप्पा कॉलेजच्या फाटकावर उभे होते. शिपायाने वर निरोप आणला. मी खाली गेले तर म्हणाले, दाखव काय करतेस ते.

मी त्यांना सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. खिडकी पाडलेलं तिसऱ्या दिवसाचं अंडं ठेवलं. चष्मा काढून एका डोळ्याने बघायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते हलले नाहीत. मी हळू आवाजात सांगत होते, हे हृदय, हा डोळा, कण्णु, हे मध्ये चमकतंय ते भिंग. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. डोकं वर उचललं तेव्हा त्यांनी कानडीत विचारलं, "याचा जीव जातो?"

"हो. सातव्या दिवशी मी ते थांबवते."

"त्याला कळतं?"

"एवढ्या लहानपणी नाही. दुखणं कळायला जे लागतं ते अजून तयार झालेलं नसतं."

"आपल्यात हे चालत नाही, तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे, अप्पा."

"तरी करतेस."

"करते."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी विचारलं की उन्हाने किती वाया गेली. मी म्हटलं, जवळजवळ सगळा उन्हाळा. त्यांचा चेहरा बदलला. माल वाया जाणं त्यांना आयुष्यभर कधी सहन झालेलं नाही, पण ते मालाबद्दल बोलत नव्हते. म्हणाले, "करायचंच असेल तर नीट कर. एकही फुकट जाता कामा नये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी करून दिली. पत्र्याचा जुना डबा, त्याला चारी बाजूंनी भोकं. आत कोरडा लाकडी भुसा, कारण अंड्याला ओल लागली की ती कवचातून आत जाते, हे मी त्यांना सांगितलं होतं. बाहेरून दुहेरी तरट, पानाच्या करंडीला बांधतात तसं सुतळीने आवळलेलं. त्यांनी मला तीनदा बजावलं, की पाणी एकदम ओतायचं नाही, शिंपडायचं, आणि गाडीत पेटी खिडकीशी ठेवायची, वारा लागला तरच तरट गार राहतं. मी आत थर्मामीटर ठेवून आमच्या गच्चीवर भर दुपारी पेटी दोन तास ठेवून बघितली. जवळ उभं राहून अप्पा आकडा वाचत होते. बाहेर रणरणत होतं आणि आत पारा हवा तिथेच होता.

बुधवारी मोहोळला गेले तर मावशींनी ती पेटी सगळीकडून फिरवून बघितली. कुणी केली म्हणाल्या. मी सांगितलं. "लई ध्यानानं बांदलीय," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने कूलरच्या खोलीतून त्याच सकाळची अंडी आणून एकेक करून भुशात बसवली.

चार दिवसांनी मी खिडक्या पाडल्या. या वेळी प्रत्येक गर्भ आधी तक्त्याशी ताडून घेतला, पंख, पाय, डोळा, आणि मगच चिमटा उचलला. पडदे काढले, मणी ठेवले. अर्ध्यांत नुसतं एफजीएफ, अर्ध्यांत एफजीएफ आणि बीएमपी दोन्ही. सातव्या दिवशी सर आणि मी समोरासमोर बसलो आणि ते एकेक करून उघडले. पहिल्याच डोळ्यात तळाशी पांढरा पट्टा. दुसऱ्यात पांढरा पट्टा. जिथे दोन्ही प्रथिनं होती तिथे पट्टा आक्रसलेला, अरुंद, कडेने काळं परत आलेलं. एकही अंडं असं नव्हतं ज्याच्यातून काही कळलं नाही. सरांनी शेवटची नोंद केली, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, तुमचे हात चांगले आहेत. मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं.

जूनमध्ये समितीपुढे बोलताना मी फसलेला उन्हाळा लपवला नाही. आधी तोच मांडला. बाहेरून आलेल्या एका बाईंनी विचारलं, अंड्यांचं वय पुढे गेलंय हे तुम्हाला कशावरून सुचलं? मी म्हटलं, पिल्लं काढणाऱ्या एका मावशींनी सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि पेटीचं चित्र परत दाखवायला सांगितलं. ते चित्र आता माझ्या प्रबंधात आहे, तरटाच्या दोन थरांसकट.

आता मी त्याच कॉलेजात शिकवते. अप्पा कॉलेजात येऊन गेले त्या दिवसानंतर त्यांनी माझ्या कामाबद्दल कधी विचारलं नाही. पण दर मार्चमध्ये ते न सांगता पेटीचं तरट बदलून ठेवतात.

गेल्या महिन्यात मावशी सोलापुरात लग्नाच्या चादरी घ्यायला आल्या होत्या. सोबत सून होती. चादरींचं गाठोडं प्रयोगशाळेच्या दारात ठेवून दोघी आत आल्या. मावशींनी सगळा जन्म अंडं बॅटरीच्या उजेडावर धरून बघितलं होतं, आत लाल सावली हलली की पिल्लू आहे, नाही हलली तर नाही. उघडलेलं अंडं त्या पहिल्यांदाच बघणार होत्या. मी चौथ्या दिवसाचं लावून दिलं. त्या वाकून बघू लागल्या. मग सुनेला म्हणाल्या, "बग गं, आदी डोळाच मोटा हुतोय." आणि ते खरं आहे, त्या वयात डोळा बाकी सगळ्या अंगाच्या मानाने फार मोठा असतो. त्यांनी विचारलं, नवा पडदा येतो म्हणता त्याने त्याला दिसतं का? मी सांगितलं की नाही, तेवढं वय आम्ही होऊ देत नाही आणि शिवाय तो पडदा उलटा तयार होतो, त्याचे थर आतले बाहेर असतात. का, ते मला अजून कळलेलं नाही. सध्या मी तेच शोधतेय.

"मग शोधा की," मावशी म्हणाल्या. "अंडी हायतच."

त्यांनी आणखी एक दाखवा म्हटलं. मी आणखी तीन दाखवली. सुनेला मोहोळची गाडी चुकेल अशी धाकधूक होती, म्हणून मी दोघींना गाठोड्यासकट रिक्षात बसवून दिलं आणि वर आले. चार वाजता पुढची अंडी उघडायची होती.